झुमका थांबेपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने शोरीलसाठी, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओसाठी, सात सेकंदांचा शॉट केला आहे. ठाणे स्टेशनच्या फलाटावर एक मुलगी उभी आहे, फोनवर मेसेज येतो, बातमी वाईट आहे, ती फोन खाली घेते. कानात झुमके, गळ्यात ओढणी, एका खांद्यावर सॅक. ओढणीला आणि केसांना सिम्युलेशन लावलं आहे, म्हणजे त्यांची हालचाल संगणक हिशेबाने काढतो; झुमके आणि सॅक हाताने अ‍ॅनिमेट केली आहे. बघणारे म्हणतात, "कपडे मस्त हलतात, पण तिला काय वाटलं ते कळत नाही." शिवाय सगळं पाण्याखाली घडल्यासारखं दिसतं. दुय्यम हालचालीतून भावना कशी पोचवायची आणि सराव कुठून सुरू करायचा, असं तिने विचारलं आहे.

आधी पाण्याचं बघू, कारण त्याला ठाम कारण आहे आणि ते दहा मिनिटांत दुरुस्त होतं. गोष्ट जितकी मोठी, तितकी ती पडायला आणि झुलायला जास्त वेळ लागतो, आणि हा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम सेंटिमीटरमध्ये चालतं, पण कापडाच्या हालचालीचा हिशेब करणारा त्यातला न्यूक्लिअस सॉल्व्हर एका युनिटला एक मीटर धरतो. म्हणजे तुमची १६० युनिट उंच मुलगी त्याच्या हिशेबात १६० मीटर उंच आहे. गुरुत्वाकर्षणापुरतं बोलायचं तर तिची ओढणी खऱ्यापेक्षा दहापट संथ पडणार. न्यूक्लिअस नोडमध्ये स्पेस स्केल १ असेल ते ०.०१ करा. कापड एकदम चपळ होईल, कदाचित थरथरायलाही लागेल, म्हणून सबस्टेप्स (एका फ्रेममध्ये सॉल्व्हर किती वेळा हिशेब करतो तो आकडा) ३ वरून ८ ते १० वर न्या. ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक युनिट म्हणजे एक मीटरच असतो, तिथे चूक वेगळीकडे होते: मॉडेल मोठं बनवलेलं असतं, किंवा स्केल बदलून कंट्रोल-ए ने अप्लाय करायचं राहिलेलं असतं. मुलगी १.६ युनिट आहे ना, ते मोजून बघा. एवढं करूनही संथ वाटलं तर हवेचा अवरोध कमी करा. आणि निर्णय व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे काम करायच्या खिडकीत, बघून घेऊ नका, प्लेब्लास्ट (खऱ्या वेगात चालणारा कच्चा व्हिडिओ) काढा. जड सीन व्ह्यूपोर्टमध्ये सेकंदाला २४ ऐवजी १४-१५ फ्रेमने चालत असतो आणि आपण उगाच हालचालीच्या कर्व्ह्जना (आलेखांना) दोष देत बसतो.

सिम्युलेशनला आधी धावपट्टीही लागते. बाइंड पोझपासून (मॉडेलच्या मूळ पोझपासून) शॉटच्या पहिल्या पोझपर्यंत २५ फ्रेम आणि त्या पोझमध्ये स्वस्थ उभं राहायला आणखी २५, म्हणजे मायनस ५० पासून सुरुवात करा. हे नसेल तर पहिला अर्धा सेकंद ओढणी अजून खांद्यावर बसतच असते, आणि बघणाऱ्याला मुलगी उगाचच अस्वस्थ वाटते.

आता मूळ प्रश्न. 'दुय्यम' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी राहतात आणि बहुतेक विद्यार्थ्यांचा गोंधळ इथेच होतो. डिझ्नीच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली जी बारा तत्त्वं मांडली, त्यात सेकंडरी अ‍ॅक्शन वेगळी आणि फॉलो थ्रू व ओव्हरलॅपिंग अ‍ॅक्शन वेगळी आहे. पहिली म्हणजे दुय्यम कृती. पात्र मुख्य काम करता करता आणखी काहीतरी करतं: बोलता बोलता बांगडी फिरवतं, रांगेत उभं असताना पिशवीचा बंद बोटाला गुंडाळतं. ती पात्राच्या मनातून येते. दुसरी म्हणजे दुय्यम हालचाल: वेणी, पदर, झुमका, सुटलेलं पोट, शर्टाची बाही. ती मनातून येत नाही, धक्क्यातून येते. शरीर हललं किंवा थांबलं, म्हणून ती होते.

दुय्यम कृतींचा खजिना मराठीने आधीच जमवून ठेवला आहे. पदर खोचणं, बाह्या सरसावणं, मान वेळावणं, नाक मुरडणं, हात झटकणं, पदर घट्ट लपेटून घेणं. प्रत्येक शब्दात पोझही आहे आणि भावनाही. कुठली कृती द्यायची असा प्रश्न पडला की असे शब्द कागदावर लिहून काढा, यादी करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

दुय्यम हालचाल मात्र जास्त अवघड, कारण तिला स्वतःची भावना नसते. ओढणी दुःखी होत नाही. तुमच्या शॉटमधली चूक माझ्या मते हीच आहे: भावना ओढणीत घालायचा प्रयत्न झाला आहे. भावना शरीराचा वेग, थांबणं आणि स्नायूंचा ताण बदलते. ओढणी, झुमका, सॅक हे त्या बदलाचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदार नेहमी घटनेनंतर बोलतो.

ठाणे-वाशी लोकलमध्ये हे रोज बघायला मिळतं. गाडी तुर्भ्याला ब्रेक मारते तेव्हा डब्यातल्या सगळ्यांना धक्का एकच बसतो. पेंगणाऱ्या माणसाची मानही गळ्यात लटकणाऱ्या ओळखपत्राबरोबर पुढे जाते, हनुवटी छातीला टेकते आणि मग दचकून मागे येते. सावध उभ्या माणसाचं शरीर जागचं हलत नाही, फक्त ओळखपत्र पुढे जाऊन मागे येतं. फोनवर कुणाशी तरी भांडणाऱ्याने आधीच मान आणि खांदे आवळलेले असतात; त्याचं डोकं, खांदा, हात सगळं एका ठोकळ्यासारखं जातं आणि ओळखपत्र छातीवर आपटतं. धक्का एक, स्नायूंचा ताण तीन प्रकारचा, म्हणून ओव्हरलॅप, म्हणजे मागून येणारी दुय्यम हालचाल, तीन प्रकारचा. शॉट सुरू करण्यापूर्वी कागदावर लिहा: या क्षणी तिची मान किती सैल? खांदे किती सैल? मनगट? ० म्हणजे पूर्ण सैल, १० म्हणजे पूर्ण आवळलेलं, असा आकडा द्या. दुःखाच्या धक्क्यात पहिले काही फ्रेम हा आकडा ९ असतो, मग एकदम २ वर येतो. भावना या उतरणीत दिसते, आणि ओव्हरलॅपची मात्राही त्याच आकड्यावरून ठरते.

आता वेळ. ओव्हरलॅप डोळ्याच्या अंदाजाने करायची सवय चांगली आहे, पण सुरुवातीला हिशेब हाताशी हवा. लटकणाऱ्या वस्तूची लांबी मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, दोनने गुणा. एका पूर्ण झोक्याला, म्हणजे तिकडे जाऊन परत यायला, तितके सेकंद लागतात. चार सेंटिमीटरचा झुमका: ०.०४ चं वर्गमूळ ०.२, दोनने गुणून ०.४ सेकंद, २४ च्या हिशेबाने साधारण १० फ्रेम. पंचवीस सेंटिमीटरची लटकन: एक सेकंद, २४ फ्रेम. कोपरात अडकलेली सॅक, जिचं वजन अर्धा मीटर खाली आहे: १.४ सेकंद, ३४ फ्रेम. वेणीचं वजन टोकाला नसून सगळीकडे पसरलेलं असतं, म्हणून ती याच लांबीच्या लंबकापेक्षा थोडी लवकर परतते. ६० सेंटिमीटरच्या वेणीला ३१ फ्रेमच्या आसपास धरा. पात्र कार्टूनी असेल तर आकडे खुशाल ताणा, पण वस्तूंमधलं प्रमाण राखा. झुमका आणि वेणी एकाच तालात झुलली की दोन्ही खोट्या वाटतात.

या हिशेबातली सगळ्यात उपयोगी गोष्ट अशी की झोका लहान होत जातो, पण त्याला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. पहिला झोका ८ अंशांचा असो की शेवटचा १ अंशाचा, झुमका दर पाच फ्रेमने टोकाला जातो. विद्यार्थी नेमकं उलट करतात. अंश कमी करता करता 'की' (ठरावीक फ्रेमला दिलेल्या पोझच्या खुणा) जवळ जवळ आणत जातात, मग झुमका शेवटी घाबरल्यासारखा थरथरतो. किंवा की लांब लांब नेतात, मग तो तेलात बुडाल्यासारखा दिसतो. अंश किती झपाट्याने कमी व्हावेत हे वस्तूवर अवलंबून आहे. धातूचा झुमका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना साधारण पाऊण हिस्सा राखतो, ओढणीचं टोक हवेमुळे निम्म्याहून कमी.

साखळीच्या बाबतीत, म्हणजे वेणी किंवा ओढणीच्या चार-पाच हाडांच्या (मॉडेलला हलवणाऱ्या आतल्या सांध्यांच्या) बाबतीत, पहिली युक्ती सगळ्यांना माहीत असते: पालक, म्हणजे वरच्या, हाडाचा कर्व्ह खालच्या हाडावर कॉपी करायचा आणि दोन फ्रेम पुढे सरकवायचा. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण तिच्यात तीन खड्डे आहेत. एक, पहिली की सुद्धा सरकते आणि शॉटच्या तोंडाशी दोन फ्रेम वेणी मेलेली राहते. म्हणून कर्व्ह शॉटच्या आधीपासून सुरू करा. दोन, सगळीकडे दोनच फ्रेमचा उशीर दिला की लाट यंत्रासारखी जाते. मुळाशी एक, मग दोन, मग दोन, टोकाला तीन असा उशीर द्या. तीन, आणि हा सगळ्यात खोल खड्डा आहे: खालचं हाड वरच्याचं फिरणं आपोआप उचलतं. मागे रेंगाळायचं असेल तर त्याला उलट दिशेची की द्यावी लागते. छाती उजवीकडे निघाली की वेणीची हाडं डावीकडे वळली पाहिजेत. छाती थांबली की ती सरळ होऊन उजवीकडे पुढे जातात. टोकाचा मार्ग ट्रेल लावून बघा. तो चपट्या इंग्रजी आठासारखा दिसला तर वेणी जिवंत आहे. सरळ रेघ दिसली तर ती वायपरसारखी हलते आहे.

झुमक्याचं दुखणं जवळच आहे. तो डोक्याला जोडलेला असतो, पण लटकतो जमिनीच्या दिशेने. डोकं १५ अंश कललं की झुमका उलट १५ अंश फिरून उभाच राहायला हवा. हे हाताने सांभाळत बसू नका. मायामध्ये झुमक्याचा वरचा ग्रुप जगाच्या दिशेला ओरिएंट कन्स्ट्रेंटने बांधा, ब्लेंडरमध्ये त्या हाडाचं इनहेरिट रोटेशन बंद करा, आणि झुलण्याच्या की त्याच्यावर द्या. आणि दोन्ही झुमके जुळे ठेवू नका. मान डोलली तर दोन्ही एका दिशेने जातात हे खरं, पण मान वळली की एक पुढे जातो आणि दुसरा मागे. मान कलली की त्या बाजूचा झुमका जबड्याला किंवा मानेला टेकून थांबतो आणि दुसरा एकटाच झुलत राहतो. एक टेकलेला आणि एक झुलणारा, एवढ्यावरही डोक्याचा कल वाचता येतो.

आता तुमचाच शॉट १६८ फ्रेममध्ये मांडून बघू.

फ्रेम १ ला मुलगी नुकतीच चालत येऊन थांबली आहे असं धरा. म्हणून झुमक्यात ८ अंशांचा उरलेला झोका ठेवा, सॅकही अजून थोडी डुलते आहे. शॉटच्या आधी काय घडलं ते यातून फुकटात कळतं: ती घाईत आली. १ ते ४० ती वाचते. श्वास चालू आहे. शांत मोठ्या माणसाचा एक श्वास तीन ते पाच सेकंदांचा, म्हणजे ७२ ते १२० फ्रेमचा असतो, त्यामुळे या टप्प्यात अर्धाच श्वास बसेल. वाचताना मान अगदी किंचित हलते, झुमका ४ अंशांपर्यंत झुलत राहतो.

फ्रेम ४१ ला ती ओळ वाचली जाते. इथे भुवया उंचावू नका, तोंड उघडू नका. श्वास थांबवा. डोकं थांबवा. झुमका थांबवू नका. ४१ ला ४ अंश, ४६ ला उणे ३, ५१ ला २, ५६ ला उणे दीड, ६१ ला १, ६५ पर्यंत शून्य. हा एक सेकंद या शॉटचा गाभा आहे. चेहरा दगड झाला आहे आणि कानाशी एकच छोटी गोष्ट अजून मागच्या क्षणात जगते आहे. बघणाऱ्याची नजर हलणाऱ्या वस्तूकडे जाते, ती वस्तू चेहऱ्याला खेटून आहे, आणि तिच्यामुळेच चेहऱ्याचं थिजणं मोजता येतं. झुमका नसता तर तोच एक सेकंद बघणाऱ्याला शॉट अडकल्यासारखा वाटला असता.

६६ ते ७८ काहीच नाही. तरीही पूर्ण गोठवू नका. छाती आणि डोक्यात एखाद्या अंशाचा संथ सरक ठेवा, नाहीतर थ्रीडी पात्र ताबडतोब पुतळा होतं.

७९ ला हात जातो. ती फोन खाली 'घेत' नाही, हातातला ताण जातो. घेणं आणि जाणं यातला फरक क्रमाने दिसतो: घेताना मनगट आधी हलतं, ताण गेला की आधी खांदा उतरतो, मग कोपर, मग मनगट, प्रत्येकात दोन-दोन फ्रेम. ८८ पर्यंत हात खाली. खांदा उतरल्यामुळे त्याच खांद्यावरच्या सॅकचा पट्टा ८४ ला निसटायला लागतो. खांद्यापासून कोपरापर्यंत सुमारे ३० सेंटिमीटर आहेत. नुसतं पडायला सहा फ्रेम लागले असते, कापडावरचं घर्षण धरून नऊ द्या. या नऊ फ्रेममध्ये अंतर सारखं वाटू नका. पहिल्या तीन फ्रेममध्ये जेमतेम तीन सेंटिमीटर, मधल्या तिनात दहा, शेवटच्या तिनात उरलेले सतरा. ९३ ला पट्टा कोपरात अडकतो. ९४ ला कोपर दोन सेंटिमीटर खाली खेचलं जातं, ९५ ते ९७ मध्ये धड त्या बाजूला अडीच अंश कलतं, ९९ ला डोकं त्याच्या मागून, आणि झुमका पुन्हा जागा होतो. सॅक ३४ फ्रेमचा झोका पुरा करणार नाही, कारण मध्ये मांडी आहे: ती मांडीला आपटते, थोडी मागे येते, पुन्हा टेकते आणि तिथेच राहते.

आणि मग मुलगी पट्टा वर घेत नाही.

सॅकचा पट्टा घसरला की माणूस न बघता अर्ध्या सेकंदात तो वर ओढतो. फलाटावर उभ्या असलेल्या कुणालाही बघा. बघणाऱ्याच्या शरीरालाही ही सवय आहे, म्हणून ९५ नंतर तो नकळत त्या कृतीची वाट बघतो. ११० गेलं, १२० गेलं, ती होत नाही. दुय्यम हालचालीने मागितलेली दुय्यम कृती तुम्ही दिली नाही, आणि त्या न देण्यातून कळतं की ती आता फलाटावर नाहीच. १३० च्या आसपास श्वास परत येऊ द्या: १३० ते १४२ छाती वर येते, तीही सलग नाही, चार फ्रेम वर, दोन फ्रेम थांबून पुन्हा सहा फ्रेम वर, अडखळत. झुमका एखादा अंश हलतो. १६८ पर्यंत एवढंच. डोळ्यांत पाणी आणायची गरज मला तरी वाटत नाही.

यात ओढणीचा उल्लेख आला नाही, तो मुद्दामच. सात सेकंदांत भावना वाहायला एक, फार तर दोन वस्तू पुरतात. इथे झुमका आणि सॅक आहे. ओढणीने गप्प राहायचं. म्हणून तिचं कापड बदला. शिफॉन किंवा जॉर्जेट हात खाली गेल्यावर दोन-दोन सेकंद तरंगत राहतं आणि नजर ओढून नेतं. जाडसर सुती ओढणी आठ-दहा फ्रेममध्ये बसते. आनंदाच्या शॉटला शिफॉन चांगलं, धक्क्याच्या शॉटला सुती. कापड निवडणं हे वेशभूषेइतकंच अ‍ॅनिमेटरचंही काम आहे, आणि ते रिगिंगच्या (पात्रात हाडं आणि कंट्रोल बसवण्याच्या) आधी सांगावं लागतं.

फलाटावरचा वारा हाही सांभाळायचा विषय. पंखा चालू असेल, जलद गाडी धडधडत जात असेल, तर ओढणीची प्रत्येक हालचाल बघणारा वाऱ्याच्या खात्यात टाकतो, मुलीच्या नाही. एकतर वारा पूर्ण बंद ठेवा, किंवा त्याचा उपयोग करा: सुरुवातीला जाणाऱ्या गाडीच्या वाऱ्याने ओढणी फडफडते, आणि गाडी निघून गेल्यावर वारा पडतो तो नेमका ४१ च्या आधी. वारा आणि बातमी एकाच फ्रेमला आणू नका, ठरवून केल्यासारखं दिसतं. आठ-दहा फ्रेमचं अंतर ठेवा.

हाच शॉट दुसऱ्या भावनांत कसा बदलेल ते थोडक्यात. चांगली बातमी असेल तर ४१ ला डोकं थांबत नाही, झटक्यात वर येतं. झुमका मागे राहतो, मग पुढे उसळून गालाला लागतो, आणि सॅक घसरायच्या आतच ती खांदा उडवून वर घेते. मुलगी मोकळी, म्हणून ओव्हरलॅप मोठा. दाबलेल्या रागात उलट: झुमका झुलत नाही, थरथरतो. आवळलेल्या मानेची कंपनं दोन-तीन फ्रेमची असतात, झुमक्याचा स्वतःचा ताल दहा फ्रेमचा. इतक्या जलद धक्क्यांना तो झोका घेऊन उत्तर देऊ शकत नाही, जागच्या जागी कापतो. अर्धा-पाऊण अंश पुरे, त्याहून जास्त केलंत तर थंडी वाजतेय असं वाटेल. याच कारणाने नथ हा रागासाठी आणि रडू दाबण्यासाठी फार गुणी दागिना आहे: ती लहान, ताल जलद, आणि नाकपुडीच्या श्वासालाच बांधलेली. भीतीत श्वासच रोखलेला असतो, त्यामुळे सगळ्या लटकत्या वस्तू एकेक करून थांबतात आणि पुन्हा हलत नाहीत.

क्रमाबद्दल एक सूचना, कारण वेळ इथेच वाया जातो. कंबर, छाती, डोकं, हात हे सगळं स्प्लाइनमध्ये, म्हणजे पोझ सलग हालचालीने जोडून, पक्कं होईपर्यंत झुमक्याला हात लावू नका. छातीची एक की दोन फ्रेम सरकली की खालचं सगळं ओव्हरलॅप वाया जातं. पण ब्लॉकिंग (मुख्य पोझ लावणं) करतानाच त्याच्यासाठी जागा राखून ठेवा. प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर किमान १६ ते २४ फ्रेम मोकळ्या हव्यात. एकामागोमाग एक पोझ लावत गेलात तर झुमक्याला बोलायला जागाच उरत नाही. दुय्यम हालचाल वेगळ्या अ‍ॅनिमेशन लेयरवर ठेवा, म्हणजे तिचं वजन ० ते १०० करून बघता येतं. शून्यावर ठेवून शॉट बघा. भावना अर्धीमुर्धीही दिसत नसेल तर दोष मुख्य हालचालीत आहे आणि झुमका त्याला वाचवणार नाही. शंभरवर फार बोलकं वाटलं तर ६० वर आणा. मला बहुतेक विद्यार्थ्यांची कामं ६० ते ७० वर जास्त खरी वाटतात.

सरावासाठी थेट माणसाकडे जाऊ नका. शेपटी लावलेला चेंडू घ्या, शेपटीत पाच हाडं, शॉट ७२ फ्रेमचा. चेंडू येतो, थांबतो, काहीतरी बघतो, निघून जातो. चेंडूला डोळे नाहीत, दाबणं-ताणणंही नाही. हाच शॉट तीनदा करा: कुतूहल, भीती, कंटाळा. चेंडूचा मार्ग तिन्हींत एकच ठेवा, बदल फक्त वेळेत आणि शेपटीत. मग शेपटी सोडून बाकी सगळं लपवा आणि ज्याला अ‍ॅनिमेशनचं काही कळत नाही अशा घरातल्या कुणाला तरी दाखवून विचारा, काय चाललंय? उत्तर सुचवू नका, पर्याय देऊ नका. हे जमलं की डोकं आणि दोन झुमके, मग धड आणि ओढणी, आणि शेवटी पूर्ण पात्र. एका टप्प्याला दोन आठवडे दिले तर फार नाहीत.

निरीक्षणासाठी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर बसा. चालणारे, भांडणारे, वाट बघणारे, सगळे असतात. अनोळखी माणसांचं चित्रीकरण मात्र करू नका. वहीत लिहा, काय आधी थांबलं, काय नंतर, किती वेळाने. तेच घरी येऊन स्वतः करून किंवा मैत्रिणीकडून करवून फोनवर १२० किंवा २४० फ्रेमने चित्रित करा. २४० असेल तर दर दहावी फ्रेम घ्या, १२० असेल तर दर पाचवी, की बरोबर २४ मिळतात. ६० ला हे गणित जमत नाही, अडीच फ्रेमची उडी मारता येत नाही. फोन बऱ्याचदा फ्रेमचा वेग मध्येच कमी-जास्त करतो, म्हणून मोजण्याआधी व्हिडिओ स्थिर वेगात बदलून घ्या. आणि चित्रीकरणाच्या वेळी खरी वजनदार सॅक घ्या, तीन-चार किलोची. रिकामी सॅक खांद्यावरून घसरते तेव्हा शरीराला काहीच जाणवत नाही, आणि मग ९४ व्या फ्रेमला कोपर का खाली जातं ते तुमच्या हातालाच कळणार नाही.

टूडी करणाऱ्यांनी हेच आकडे निम्मे करून वापरावेत, कारण काम बहुतेक वेळा टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम ठेवून सेकंदाला १२ चित्रांवर चालतं. अपवाद झुमक्यासारख्या जलद वस्तूचा: दहा फ्रेमच्या झोक्याला टूजवर पाचच चित्रं मिळतात आणि तो उड्या मारतो. तेवढा भाग वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला एक चित्र, काढा. कापडाच्या टोकासाठी सी, मग एस, मग उलटा सी हा क्रम अंगठ्याएवढ्या चित्रांत आधी काढून घ्या, तपशील नंतर.

तुमच्या फाइलमध्ये आता पहिलं काम: स्पेस स्केल. दुसरं: ओढणीचं कापड. तिसरं: ४१ ते ७८ मधल्या चेहऱ्याच्या सगळ्या की काढून टाका आणि फक्त झुमका ठेवून प्लेब्लास्ट काढा. तो अडतीस फ्रेमचा तुकडा आवाज बंद करून, खिडकी अर्ध्या आकाराची करून दोनदा बघा. तिथे पोटात काही हललं तर पुढचे नव्वद फ्रेम करायला घ्या. नाही हललं तर झुमक्याकडे नका जाऊ, ४१ व्या फ्रेमला डोकं किती झटक्यात थांबतंय ते बघा. बहुतेक वेळा ते चार-पाच फ्रेम मऊपणे थांबत असतं. दोन फ्रेममध्ये थांबवा.